परिभाषेचा खेळ, खेळातली परिभाषा

अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र हे विषय आपल्या विद्यार्थ्यांना अवघड जातात, ही तक्रार कला महाविद्यालयांच्या इतिहासाइतकीच जुनी आहे. माझे मत असे की, विषय अवघड नाहीत. त्यांतले शब्द परके आहेत. आणि परका शब्द घरचा करून घेण्याचा जो मार्ग मला सर्वांत खात्रीचा वाटतो तो म्हणजे वर्गात खेळ मांडणे. या मताला प्राध्यापक-कक्षात हसणारे पुष्कळ आहेत. त्यांचे हसणे अगदीच निराधार नाही, म्हणून त्याचा विचार पुढे करीनच.

प्रथम दुखणे कोठे आहे ते पाहू. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आलेला विद्यार्थी भिष्णूरचा असो, जलालखेड्याचा असो की थडीपवनीचा. त्याच्या घरी संत्र्याची बाग असते, नाहीतर त्या बागेत मजुरीला जाणारी आई असते. बाजार, भाव, उधारी, इसार, अडत, नफा-तोटा हे त्याच्या जेवणाच्या ताटाशी बसलेले शब्द. तोच विद्यार्थी वर्गात आला की ‘सीमांत उपयोगिता’, ‘समवृत्ती वक्र’, ‘मागणीची लवचिकता’, ‘अल्पविक्रेताधिकार’ हे शब्द त्याच्यापुढे येतात. तो बिचारा काय करतो? पाठ करतो. गाईडात छापलेली चूक चाळीस उत्तरपत्रिकांत जशीच्या तशी, एकाच ओळीत, एकाच ठिकाणी सापडते. आणि तपासणाऱ्यालाही ती सरावाने चूक वाटेनाशी होते. असा शब्द परीक्षेच्या दिवशी तोंडातून बाहेर पडतो आणि परत कधी येत नाही.

याचा दोष परिभाषा घडविणाऱ्यांच्या माथी मारण्याची आपल्याकडे पद्धत आहे. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, पुढे पदनामकोश निघाला, आणि आचार्य अत्र्यांनी त्याला ‘बदनामकोश’ म्हटले; तेव्हापासून बोजड शब्दांची थट्टा हा मराठी माणसाचा हक्काचा विरंगुळा होऊन बसला आहे. आम्हा नागपूरकडच्या लोकांना तर ही थट्टा त्याहूनही आधीपासूनची ठाऊक आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे डॉ. रघुवीर नागपुरात बसून संस्कृत धातूंना उपसर्ग-प्रत्यय जोडून शासनव्यवहाराचे शब्द हजारोंनी पाडीत होते, आणि मध्यप्रांताचे सरकार त्यांच्या पाठीशी होते. त्यांतले कित्येक शब्द कोशातच राहिले. पण थोडे मागे जाऊन पाहावे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. साडेतीनशे वर्षे होत आली, तरी आपण ‘जमा’, ‘वसूल’, ‘बाकी’, ‘तहसील’, ‘जिल्हा’, ‘तहकूब’ हेच म्हणतो. उलट ‘महापौर’, ‘दिनांक’, ‘क्रमांक’ हे सावरकरांच्या नावावर सांगितले जाणारे शब्द आज खेड्यातला पोरही बोलतो. शब्द सोपा की कठीण, संस्कृत की फारसी, यावर त्याचे आयुष्य ठरत नाही. तो वापरावा लागला की नाही, यावर ठरते. ‘क्रमांक’ रोज लिहावा लागला, म्हणून तो जगला.

आता वर्गात ‘मागणीची लवचिकता’ वापरावी लागेल असा प्रसंग कोठून आणायचा? व्याख्यानात तो येत नाही. व्याख्यानात शब्द फक्त प्राध्यापक वापरतात. खेळात तो विद्यार्थ्याला वापरावा लागतो, कारण न वापरला तर डाव अडतो. माझ्या म्हणण्याचा सारा गाभा एवढाच आहे.

ही कल्पना माझी नव्हे, हे सांगितले पाहिजे. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात एडवर्ड चेंबरलिन नावाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक वर्गातल्या विद्यार्थ्यांना पत्ते वाटून बाजार भरवीत; त्यासंबंधीचा त्यांचा लेख १९४८ साली प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थी विक्रेते, काही ग्राहक. विक्रेत्याच्या पत्त्यावर त्याची कमीत कमी किंमत, ग्राहकाच्या पत्त्यावर त्याची जास्तीत जास्त किंमत. मग वर्गात हिंडून दोघादोघांनी सौदा ठरवायचा. त्या वर्गात बसलेल्यांपैकी एक व्हर्नन स्मिथ. त्यांनी पुढे हाच खेळ थोडा बदलला. सौदे कोपऱ्यात न होता उघड बोलीने, सर्वांना ऐकू येतील असे व्हावेत, असा नियम केला आणि १९६२ साली आपले निष्कर्ष छापले. या धर्तीच्या प्रयोगांच्या कामाबद्दल त्यांना २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वर्गातला खेळ म्हणजे पोरखेळ असे मानणाऱ्यांनी हे एकवार ध्यानात घ्यावे.

आमच्या वर्गात हा खेळ संत्र्याचा असतो. पाच विक्रेते: त्यांच्या पत्त्यांवर किलोमागे १०, १४, १८, २२ आणि २६ रुपये. पाच ग्राहक: त्यांच्या पत्त्यांवर ३०, २६, २२, १८ आणि १४ रुपये. प्रत्येकाला एकच किलोचा व्यवहार करायचा. पहिला डाव रुमालाखालचा. जुन्या बाजारांत अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत. शेतकरी शेजारी उभा, पण काय ठरले ते त्याला कळत नसे. विद्यार्थ्यांच्या आजोबांनी हे पाहिलेले असते, त्यामुळे रुमाल काढला की वर्गात आपोआप जिवंतपणा येतो. दुसरा डाव उघड्या बोलीचा, बाजार समितीच्या आवारातल्यासारखा.

गंमत अशी की रुमालाच्या डावात सौदे जास्त होतात. चार तर सहज होतात, कधी पाचही. २६वाला विक्रेता ३०च्या ग्राहकाला गाठतो, २२वाला २६च्याला, असे करीत करीत १०वाला १४च्याला माल देऊन मोकळा होतो. भाव मात्र ज्याचा त्याचा निराळा. उघड्या बोलीत दोन-तीन डावांनंतर भाव १८ ते २२ रुपयांच्या मध्ये येऊन थांबतो आणि सौदे होतात फक्त तीन. मग फळ्यावर हिशेब मांडायचा: ग्राहक जास्तीत जास्त किती द्यायला तयार होता आणि विक्रेता कमीत कमी कितीला द्यायला तयार होता, यांतले अंतर प्रत्येक सौद्याचे काढायचे आणि बेरीज करायची. रुमालाखालच्या पाच सौद्यांची बेरीज येते २० रुपये. उघड बोलीच्या तीन सौद्यांची येते ३६. सौदे कमी, लाभ जास्त! वर्गाला हे पटत नाही, तो पुन्हा बेरीज करतो. त्या बेरजेच्या वेळी ‘समतोल किंमत’ आणि ‘उपभोक्त्याचे संतोषाधिक्य’ हे शब्द फळ्यावर लिहावेत. आधी मुळीच लिहू नयेत. आधी लिहिले की मुले वहीत उतरवून घेतात आणि खेळ संपतो.

याच ठिकाणी विदर्भाच्या इतिहासातली एक गोष्ट सांगता येते. वऱ्हाडातल्या कारंज्याचा कापसाचा बाजार १८८६ साली नियमाखाली आला, तो देशातला पहिला नियमित बाजार मानला जातो. आणि १८९७ साली वऱ्हाडात कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. रुमाल ते उघडी बोली हा प्रवास आपल्याच मुलखाने देशात सर्वांच्या आधी सुरू केला. ‘बाजाराचे विनियमन’ हा शब्द या गोष्टीसकट सांगितला तर पाठ करावा लागत नाही.

पण खरी चर्चा पुढेच होते. एका वर्षी २६ रुपयांचा पत्ता बागायतदाराच्या घरच्या एका मुलाकडे आला होता. उघड्या बोलीत त्याचा माल अर्थातच विकला गेला नाही. हिशेब मांडून झाल्यावर तो उठून म्हणाला, “सर, तुमचा लाभ छत्तीस झाला, ते ठीक हाय. पण माह्या संत्र्याचं काय? ते तं सडले ना!” वर्ग हसला, पण तो हसत नव्हता. त्याचा प्रश्न बिनतोड होता. झाडावरून तोडलेल्या संत्र्याला थांबता येत नाही. संध्याकाळ झाली की विक्रेत्याच्या हातात काही उरत नाही. पुरवठ्याची लवचिकता शून्य म्हणजे काय, हे कोणत्याही पुस्तकाने त्याच्याइतके स्पष्ट सांगितलेले मी वाचलेले नाही. आणि त्याच्या त्या प्रश्नापाशी अर्थशास्त्राचा तास संपून राज्यशास्त्राचा सुरू होतो. हमीभाव असावा का? संत्र्याला तो नाही, का नाही? सरकारनेच सगळा माल घ्यावा का? तसे कापसाच्या बाबतीत १९७२ साली महाराष्ट्रात झाले. एकाधिकार खरेदी योजना तीसएक वर्षे चालली आणि तिचे चुकारे कधी वेळेवर मिळाले, कधी रखडले, हे प्रत्येक घरातले वडीलधारे सांगू शकतात. विक्रेता एकच असला तर मक्तेदारी. ग्राहक एकच असला तर? पुस्तकात त्याला ‘क्रेताधिकार’ म्हणतात. आमच्याकडे त्याला नुसते ‘एकाधिकार’ म्हणत, आणि तो शब्द कोणी शिकविला नव्हता.

शेजारच्या देशाचा शब्दही एकदा असाच वर्गात आला. बांगलादेशाने संत्र्यावरचे आयात शुल्क वाढवत नेले. २०१९ साली किलोमागे २० टका होते ते २०२३ साली ८८ टका झाले, आणि आपल्याकडचा माल सरहद्दीपलीकडे जाणे कठीण झाले. वर्गातल्या निम्म्या मुलांची ठाम समजूत होती की हे शुल्क शेकडा ८८ आहे. ‘टका’ हे तिथले चलन आहे आणि आपल्याकडे तो शब्द ‘शेकडा’ या अर्थाने उरला आहे, हे सांगितल्यावर ‘परिमाणानुसार कर’ आणि ‘मूल्यानुसार कर’ यांतला भेद दहा मिनिटांत मार्गी लागला. एरवी त्यावर एक अख्खा तास जातो.

यावरून पत्त्यांचा दुसरा खेळ निघाला. चार-चार पत्त्यांची कुटुंबे करावयाची: एक पत्ता गावातल्या शब्दाचा, एक पाठ्यपुस्तकातल्या शब्दाचा, एक हिंदी शब्दाचा आणि एक उदाहरणाचा. हिंदीचा पत्ता कशाला, असे कोणी विचारील. नरखेड तालुक्याला लागून मध्यप्रदेश आहे. पांढुर्ण्याकडे नातीगोती आहेत, आणि स्पर्धा-परीक्षांची पुष्कळशी पुस्तके मुले हिंदीतच वाचतात. त्यामुळे गोंधळ ठरलेला. हिंदीतले ‘राजस्व’ म्हणजे आपला महसूल. ‘मुद्रास्फीति’ म्हणजे आपली चलनवाढ. तिकडचा ‘सांसद’ इकडचा खासदार, तिकडचा ‘विधायक’ इकडचा आमदार. ‘विधायक’चा मराठी अर्थ ‘रचनात्मक’, त्यामुळे ‘विधायक कार्य’ म्हणजे आमदारांचे काम, असे एका उत्तरपत्रिकेत आलेच होते! हातात तीन पत्ते जुळले आणि चौथा शेजाऱ्याकडे आहे, अशा वेळी विद्यार्थी तो शब्द उच्चारून मागतो. नुसते “तो दे” म्हटले तर पत्ता मिळत नाही, असा नियम आहे.

गावातल्या शब्दाचा पत्ता मी मुद्दाम आग्रहाने ठेवतो. ‘पटवारी’ म्हणणाऱ्याला ‘तलाठी’ म्हणायला लावून आपण काही शिकविले असे होत नाही. पण ‘पैसेवारी’ ठाऊक असलेल्याला ‘निर्देशांक’ समजाविणे किती सोपे आहे पाहा. प्रमाण उत्पन्न शंभर पैसे धरले, यंदाचे पीक त्या मानाने किती, ते पैशांत सांगितले. पन्नास पैशांच्या खाली गेले की टंचाईची मागणी सुरू. पूर्वी हीच मोजणी सोळा आण्यांत होई, म्हणून म्हातारे अजून ‘आणेवारी’ म्हणतात. आधारवर्ष शंभर धरणे ही कल्पना याहून काय निराळी आहे? तसाच ‘खंड’ हा शब्द. रिकार्डोचा खंडसिद्धांत शिकताना मुले घामाघूम होतात. घरी मात्र दुसऱ्याचे वावर करताना खंड किती द्यायचा, यावर रात्ररात्र बोलणे चाललेले असते. दोन्ही ठिकाणी शब्द एकच, आणि तरी ओळख नाही! ही ओळख करून देणे एवढेच पुष्कळदा प्राध्यापकाचे काम असते.

राज्यशास्त्राचे खेळ करणे त्या मानाने सोपे, कारण सभा हा मुळातच नियमांचा खेळ आहे. केंद्र सरकारच्या संसदीय कार्य खात्याने दिल्लीच्या शाळांतून युवा संसद सुरू केली ती १९६६च्या सुमारास; ती आता सर्वत्र पसरली आहे. मात्र आपल्याकडच्या युवा संसदा पाहिल्या की मला थोडे उदास वाटते. भाषणे आधी लिहून दिलेली, विरोधी पक्षाचा सभात्यागसुद्धा तालमीप्रमाणे, आणि शेवटी पाहुण्यांचे दोन शब्द. त्याला नाटक म्हणता येईल. खेळात कोण जिंकणार हे आधी ठरलेले नसते.

त्यापेक्षा ग्रामसभा खेळावी. वर्गातल्या मुलांना मतदार करावे, एक सरपंच निवडावा, एक ग्रामसेवक नेमावा. पहिला प्रश्न: सभा भरू शकते का? पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे हजर हवेत. मुले डोकी मोजतात, कोणी मुद्दाम दाराबाहेर जाऊन उभे राहतो, सभा तहकूब होते. ‘गणपूर्ती’ हा शब्द त्या बाहेर उभ्या राहिलेल्या मुलाने सर्वांना शिकविलेला असतो. मग अंदाजपत्रक: इतके रुपये जमा, इतके खर्चायचे, रस्ता की नाली की शाळेची भिंत? सूचक कोण, अनुमोदक कोण, इतिवृत्तात काय लिहायचे? वरच्या वर्गांसाठी विधिमंडळाचा खेळ. अधिवेशन हिवाळ्यात नागपुरात भरते, तेव्हा वर्तमानपत्रांत शब्दांचा पाऊसच असतो: तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना. चिठ्ठीवर खरोखरची चांदणी काढली की मंत्र्याने उभे राहून तोंडी उत्तर द्यायचे आणि पुरवणी प्रश्न झेलायचे. चांदणी नसेल तर लेखी उत्तर. एखाद्या खात्याची कोट्यवधींची मागणी एक रुपयावर आणावी अशी सूचना धोरणाच्या निषेधासाठी मांडता येते, हे कळल्यावर मुलांना जो आनंद होतो तो पाहण्यासारखा असतो.

आमच्या जुन्या पिढीला इथे आणखी एक शब्द आठवतो: जनपद सभा. १९४८च्या कायद्याने मध्यप्रांत-वऱ्हाडात तहसीलवार जनपद सभा आल्या. पुढे १९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या तेव्हा त्या गेल्या. संस्था गेली तसा शब्दही गेला. किती सुंदर शब्द होता, असे माझे आपले एक मत.

आता हसणाऱ्यांकडे वळतो. त्यांचा पहिला आक्षेप वेळेचा: अभ्यासक्रम संपत नाही, त्यात खेळ कुठे बसवायचे? आक्षेप खरा आहे. सगळी प्रकरणे खेळून होणार नाहीत, आणि तसे करूही नये. समवृत्ती वक्र फळ्यावर आखूनच शिकवावा लागतो. त्याचा खेळ करण्याचे मी पाहिलेले सर्व प्रयत्न ओढूनताणून केलेले होते. सत्रात पाच-सहा खेळ पुरेत.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो मला मान्य आहे. खेळ खोटेही शिकवितो. त्याचे उत्तम उदाहरण घरोघरी असलेला ‘व्यापार’. त्याचे मूळ फार कमी लोकांना ठाऊक असते. एलिझाबेथ मॅगी नावाच्या अमेरिकन बाईंनी १९०४ साली ‘जमीनदाराचा खेळ’ या अर्थाच्या नावाने एका खेळाचे पेटंट घेतले. त्या हेन्री जॉर्ज या अर्थविचारकाच्या अनुयायी होत्या. जमिनीचा खंड मूठभरांच्या खिशात जातो आणि बाकीचे कंगाल होतात, म्हणून कर जमिनीवरच बसवावा, हे लोकांना खेळातून पटावे असा त्यांचा उद्देश होता. पुढे १९३५ साली त्याच खेळाचे बदललेले रूप ‘मोनॉपली’ म्हणून बाजारात आले आणि जगभर खपले. आपला ‘व्यापार’ त्याचाच भाऊबंद. पण आता मुले त्यातून काय शिकतात? दुसऱ्याचे दिवाळे काढण्यातला आनंद! जो खेळ मक्तेदारीविरुद्ध रचला गेला तो मक्तेदारीची गोडी लावतो, कारण खेळानंतर बोलणारे कोणी नसते. म्हणून माझा नियम असा की, वीस मिनिटे खेळ आणि तीस मिनिटे बोलणे. कोण हरला आणि का, पत्ते वाटतानाच कोण हरणार हे ठरले होते का, नियम कोणी केले, ते बदलता येतात का? २६ रुपयांचा पत्ता ज्याला येतो त्याचा काय अपराध?

तिसरा आक्षेप कोणी उघड घेत नाही, तो मीच मांडतो. खेळात नेहमीचीच मुले बोलतात. गावात ज्यांच्या घराला मान आहे तीच सरपंच होतात, मुली इतिवृत्त लिहायला बसतात. हे आपोआप सुटत नाही. चिठ्ठ्या टाकून भूमिका द्याव्या लागतात आणि चिठ्ठीने आलेली भूमिका कोणी अदलाबदल केली तर डाव रद्द करावा लागतो. या नियमावरून कुरकुर होते, होऊ द्यावी.

चिठ्ठीनेच एकदा एका मुलीला सलग दोन तास विरोधी सदस्य व्हावे लागले. एरवी हजेरीलाही ऐकू न येईल अशी “येस सर” म्हणणारी. तिला ‘अखर्चित निधी’ हा शब्द पत्त्यावर आला होता आणि तो वापरून प्रश्न विचारल्याशिवाय गुण नव्हते. तिने विचारला. दोन महिन्यांनी ती सांगत आली की गावच्या खऱ्या ग्रामसभेत तिने तोच प्रश्न केला: मागच्या वर्षी महिला व बालकल्याणाच्या कामासाठी ठेवलेल्या रकमेतून अखर्चित किती राहिले? उत्तर लगेच मिळाले नाही. “पुढच्या सभेत सांगू” म्हणाले. पण इतिवृत्तात प्रश्नाची नोंद झाली का, असे तिने पुढे विचारले, तेव्हा सभेतले दोन-तीन जण मागे वळून पाहू लागले, ही पोरगी कोणाची म्हणून. नोंद झाली. तिने मला प्रत दाखविली. तीत ‘अखर्चित’ हा शब्द ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीसकट होता, पण होता.

पुढच्या सभेत उत्तर मिळाले की नाही, हे हा अंक छापायला जाईपर्यंत समजलेले नाही. पत्त्यांचे दोन जोड जाड पुठ्ठ्यावर करून ग्रंथालयात ठेवले आहेत. कोणत्याही विभागाने न्यावेत, खेळावेत, नवे शब्द घालावेत. इतिहास विभागाने मोडी दप्तरातल्या शब्दांचा एक जोड करायचे मनावर घेतले आहे, असे ऐकतो.